घरखर्चाची वही : स्वस्त खोली, महाग मुक्काम

मैत्रिणींनो, परीक्षा संपत आल्या की घरोघरी एकच धोशा सुरू होतो. "आई, या सुट्टीत कुठं जायचं?" आपल्या लहानपणी याचं उत्तर ठरलेलं असे, मामाच्या गावाला! आता मामाच शहरात दोन खोल्यांत राहतो, आणि मुलांना हवे असतात ते आकाशाला भिडणारे पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या. एकाच्या वर्गातला मुलगा जाऊन आला की दुसऱ्याच्या घरात हट्ट सुरू झालाच म्हणून समजा.

गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांत या विषयावर तीन पत्रं आहेत. एक भगिनी लिहितात, "खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं घाटतं आहे. पार्कचं तिकीट ठरलेलं, त्यात आपली काही मात्रा चालत नाही. पण मुक्काम कुठं करावा? कमी पैशांत चांगलं असं एखादं हॉटेल सुचवा ना."

बाई गं, हॉटेलचं नाव काही मी सुचवणार नाही. त्यांचे दर आज एक तर उद्या दुसरे. आज जिथं चादरी पांढऱ्याशुभ्र, तिथं पुढच्या वर्षी मालक बदललेला असायचा. पण हॉटेल कसं निवडावं, ते मात्र सांगते. कारण ते मी पदरचे पैसे मोजून शिकले आहे, आणि पैशापेक्षाही जास्त लागलेली एक गोष्ट त्यात आहे.

चार आण्यांची कोंबडी

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. आम्ही दोघं, अकरा वर्षांची थोरली, सहा वर्षांचा धाकटा आणि सासूबाई. हॉटेल ठरवायचं काम माझ्याकडं. मी दोन निवडून ठेवली होती. एक पार्कपासून तीन-चार किलोमीटरवरचं, रात्रीला ४,५०० रुपये, त्यात सकाळचा नाश्ता आणि जादा गादी आलीच. दुसरं लोणावळ्याचं, रात्रीला फक्त २,६०० रुपये. दोन रात्रींचे ३,८०० रुपये वाचत होते. मी मोठ्या दिमाखात ह्यांना म्हटलं, "अहो, एवढ्या पैशांत धाकट्याची सायकल येईल!" आणि लोणावळा पक्कं केलं.

सकाळी नऊला पोचलो. खोली बाराला मिळणार होती. लवकर हवी असेल तर ६०० रुपये वेगळे. सासूबाईंचे गुडघे प्रवासानं आखडलेले, तेव्हा दिले. पाचव्या माणसाची गादी रात्रीला ७०० रुपये. नाश्ता दरात धरलेला नव्हता, तो सगळ्यांचा मिळून रोज ७५० रुपये. आणि पार्क काही लोणावळ्यात नाही! ते बोरघाट उतरून खाली, खोपोलीहून पालीकडं जाणाऱ्या रस्त्यावर. जाऊन-येऊन दिवसभराची टॅक्सी २,४०० रुपये.

घरी आल्यावर वही उघडली. खोलीचे ५,२०० आणि वरखर्च असा :

लवकर खोली घेतल्याचे ६००
जादा गादी, दोन रात्री १,४००
नाश्ता, दोन दिवस १,५००
टॅक्सी २,४००
एकूण वरखर्च ५,९००

म्हणजे खोलीपेक्षा वरखर्च जास्त! सगळे मिळून ११,१०० झाले. पार्कजवळचं हॉटेल घेतलं असतं तर दोन रात्रींचे ९,०००, एसटीनं सरळ खोपोलीला उतरून तिथून रिक्षाचे जाता-येता फार तर ९००, म्हणजे ९,९०० रुपयांत काम झालं असतं. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, तो हाच.

पण पैशांचं काय, ते पुन्हा मिळतात. लागलं ते वेगळंच. पार्कात सासूबाई कुठल्या पाळण्यात बसणार, म्हणून त्यांचं तिकीट काढायचं नाही असं मीच ठरवलं होतं. "आई, तुम्ही हॉटेलवर निवांत पडा," असं म्हणून आम्ही सकाळी निघालो. खोली दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. सुट्टीची गर्दी, त्यामुळं घाटात गाड्यांची रांग. टॅक्सीवाला म्हणाला, सहाला नाही निघालो तर मध्यरात्र होईल. त्यामुळं मुलांची संध्याकाळची मिरवणूकही हुकली. धाकटा रडून रडून माझ्या मांडीवर झोपला. रात्री नऊला पोचलो. सासूबाईंना विचारलं, "जेवलात ना दुपारी?" त्या म्हणाल्या, "हो गं, झालं माझं." दुसऱ्या दिवशी सामान आवरताना उशीखाली बिस्किटाच्या पुड्याचा रिकामा कागद सापडला. खानावळ खाली होती, आणि त्यांच्यानं जिना उतरवला नव्हता. आम्हाला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्याचंच मला जास्त लागलं.

तेव्हापासून हॉटेल ठरवताना मी दराकडं शेवटी बघते. आधी काय बघते, ते आता क्रमानं सांगते.

आधी माणसं मोजा

कोण कोण येणार आहे हे कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढं त्याची गरज लिहा. म्हातारं माणूस असेल तर तळमजला किंवा लिफ्ट, उंच कमोड आणि न्हाणीघरात बादली व तांब्या. नुसता शॉवर असला की आपल्या आयांची फार पंचाईत होते. तान्हं मूल असेल तर रात्रीबेरात्री गरम पाणी मिळेल का ते बघा. मुलगी मोठी असेल तर एका खोलीत पाचजणांनी दाटी करण्यापेक्षा आतून दार असलेल्या लागून दोन खोल्या कधी कधी बऱ्या पडतात.

मुलांची उंचीही घरीच दाराच्या चौकटीला लावून मोजून ठेवा. हसू नका! बऱ्याच पार्कांत लहान मुलांचं तिकीट वयावर नव्हे, उंचीवर ठरतं, आणि मोठ्या पाळण्यांत ठराविक उंचीच्या आतल्या मुलांना बसू देत नाहीत. तुमचं मूल निम्म्या खेळांत बसूच शकणार नसेल, तर दोन दिवसांचं तिकीट आणि दोन रात्रींचं हॉटेल कशाला? एक दिवस पुरे. हॉटेलात मात्र उलट, तिथं मुलांचं वय विचारतात. अमुक वर्षांपर्यंत फुकट, पुढं जादा गादीचे पैसे. ही मर्यादा प्रत्येक हॉटेलची निराळी असते, म्हणून आधी विचारून घ्यावी.

किती रात्री?

दर कमी करून घेण्यासाठी आपण शंभर-दोनशे रुपयांची घासाघीस करतो, पण एक रात्र कमी केली तर हजारो वाचतात हे लक्षात येत नाही. इमॅजिकात मुख्य पार्क एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं, शेजारचं पाण्याचं पार्क ऑक्टोबर २०१४ मध्ये. दोन्हींची तिकिटं वेगळी आणि प्रत्येकाला सबंध दिवस लागतो. एकच बघायचं असेल तर आदल्या संध्याकाळी पोचावं, रात्री गाढ झोपावं आणि सकाळी दार उघडतं त्या वेळी दारात हजर असावं. पहिल्या दोन तासांत रांगा लहान असतात. निम्मे मोठे खेळ तेवढ्यात होऊन जातात.

सकाळी खोली सोडली तरी सामान संध्याकाळपर्यंत हॉटेलच्या काउंटरवर ठेवू देतात का, हे विचारा. ठेवू देत असतील तर एकाच रात्रीत काम भागतं. मात्र पार्क बंद झाल्यावर रात्रीचा प्रवास करून मुलांना घरी आणायचं असेल तर ही काटकसर करू नका. दमलेली मुलं आणि रात्रीचा घाट, दोन्ही एकदम नकोत.

अंतर तासांत मोजावं

जाहिरातीत "पार्कपासून जवळ" असं लिहिलेलं असतं. जवळ म्हणजे किती, ते फोनवरच्या नकाशात स्वतः बघा, आणि शनिवारी सकाळी नऊ वाजता बघा, म्हणजे खरी वेळ कळेल. लोणावळ्याला राहिलात तर घाट उतरून जायचं आणि चढून यायचं. जोडून सुट्ट्या आल्या की घाटात गाड्या मुंगीच्या पावलांनी चालतात. खोपोली किंवा पार्कच्या बाजूचा पाली रस्ता यात घाट लागत नाही. मुंबईकडून येणाऱ्यांना कर्जतवरून खोपोलीपर्यंत लोकल आहे, तेव्हा खोपोलीचा मुक्काम त्यांना सोयीचाच.

पार्कच्या अगदी दाराशी २०१५ साली नोव्होटेल हे मोठं हॉटेल झालं. ते अर्थातच महाग. पण म्हणून डोळे मिटून "ते आपल्यासाठी नाही" असंही म्हणू नका. घरात तान्हं मूल किंवा थकलेलं माणूस असेल, तर दुपारी पाठ टेकायला येता येणं याची किंमत मोठी असते. दोन रात्री लांब राहण्यापेक्षा एक रात्र दाराशी राहणं कधी कधी बरोबरीत जातं. उलट, मुलं मोठी, सगळे धडधाकट, खोलीत फक्त झोपायलाच येणार, तर पोहण्याचा तलाव आणि बागबगीचा असलेल्या रिसॉर्टचे पैसे कशाला मोजायचे? दिवसभर पाण्यात डुंबून आलेली मुलं संध्याकाळी पुन्हा तलावात उतरत नाहीत. त्यांना हवी असते गरमागरम खिचडी आणि अंथरूण.

ती अक्षरं समजून घ्या

हॉटेलच्या दरपत्रकात ईपी, सीपी, एमएपी, एपी अशी अक्षरं असतात. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. पण सगळी गंमत त्यातच आहे. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं.

पार्कला जाणाऱ्यांनी एपी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. दुपारी तुम्ही पार्कात असणार, मग हॉटेलच्या दुपारच्या जेवणाचे पैसे वायाच. पार्कात बाहेरचे पदार्थ बहुधा नेऊ देत नाहीत, म्हणजे दुपारचं जेवण तिथंच विकत घ्यावं लागणार हे धरून चाला. सीपी सगळ्यांत सोयीचं. सकाळी पोटभर नाश्ता झाला की दुपारी थोडक्यात भागतं. आसपास साधी खानावळ नसेल आणि रात्री मुलं कुठं हलणार नसतील, तर एमएपी. नाश्ता किती वाजता सुरू होतो तेही विचारा. साडेआठला सुरू होत असेल आणि तुम्हाला नऊला निघायचं असेल, तर अर्धा नाश्ता ताटातच राहील.

साडेसात हजारांची रेघ

आता कराचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. पूर्वी तो १२ टक्के होता. पण ७,५०० च्या वर गेलात की १८ टक्के. याचा हिशेब करून बघा. ७,४०० ची खोली कर धरून ७,७७० ला पडते. ७,६०० ची मात्र ८,९६८ ला! दरात फरक २०० रुपयांचा, पण खिशातून जाणार जवळजवळ १,२०० जास्त. तेव्हा दर या रेघेच्या आसपास असेल तर मॅनेजरला सरळ म्हणावं, "साडेसात हजारांच्या आत बसवा, म्हणजे ठरवते." आठवड्याच्या मधल्या वारी बहुतेक ऐकतात. आणि सांगितलेला दर कर धरून की कर सोडून, हे पहिल्याच वाक्यात विचारावं.

हॉटेलच्या खानावळीच्या बिलात "सर्व्हिस चार्ज" असेल तर तो देण्याची सक्ती नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच तसं स्पष्ट केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. वाढप्याला खुशीनं दहा-वीस रुपये द्यावेत, पण बिलात घुसवलेली रक्कम काढायला सांगायला लाजू नये.

केव्हा जावं?

शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिना या काळात दर चढे असतात हे आपण जाणतोच. पण पावसाळ्यात स्वस्त मिळेल असं समजून फसू नका. लोणावळा-खोपोलीकडं पावसाळा हाच खरा हंगाम. धबधबे बघायला सगळी मुंबई आणि पुणं तिकडं लोटतं. शिवाय मोठा पाऊस असला की उंच पाळणे थांबवावे लागतात. जानेवारी-फेब्रुवारीतले मधले वार सगळ्यांत उत्तम. हवाही छान, रांगाही लहान. मुलांची एक दिवस शाळा बुडेल म्हणून जीव टाकू नका. मी स्वतः शाळेत शिकवते, तरी सांगते, एका दिवसानं काही बिघडत नाही.

फोन करताना वही हातात घ्या

ऑनलाइन दर बघावा, आणि मग हॉटेलला स्वतः फोन करावा. मधल्या दलालाचं कमिशन वाचत असल्यानं काही वेळा तेच लोक जादा गादी किंवा नाश्ता दरात बसवून देतात. विचारायच्या गोष्टी या :

१. आम्ही अमुक मोठे, अमुक मुलं. सगळं धरून, कर धरून, एका रात्रीचे एकूण किती?
२. खोली किती वाजता मिळेल, किती वाजता सोडायची? लवकर आलो तर काय?
३. कोणता मजला? लिफ्ट आहे का? गरम पाणी दिवसभर की ठराविक वेळी?
४. पार्कला नेण्या-आणण्याची गाडी आहे का? फुकट की पैसे? शेवटची फेरी किती वाजता?
५. खोलीवर जेवण आणून देता का?
६. बेत रद्द झाला तर किती पैसे परत, आणि कधीपर्यंत कळवायचं?

उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून मागवावीत. खोलीचा फोटो नको, चालत काढलेला व्हिडिओ मागवा. फोटोत सगळ्याच खोल्या राजवाडे दिसतात. लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचताना कौतुक सोडून द्यावं आणि तक्रारी वाचाव्यात. एकच तक्रार चार जणांनी केली असेल तर ती खरी धरावी.

सामानात सुतळीचा एक तुकडा आणि चार चिमटे टाका. पाण्याच्या पार्कात नायलॉनचे पोहण्याचे कपडे लागतात. भाड्यानं घेण्यापेक्षा घरून नेलेले बरे. पण ओले कपडे वाळत घालायला हॉटेलात कधीच जागा नसते. खोलीत पाणी तापवायची किटली असेल तर तयार उपम्याची पाकिटं आणि चिवड्याचा डबा न्यावा. रात्री दहाला लागलेली भूक तेवढ्यात भागते.

हाच हिशेब बाहेरगावी जाणाऱ्यांनाही लागू. हैदराबादची रामोजी फिल्म सिटी शहराबाहेर आहे आणि तिच्या आवारात वेगवेगळ्या दरांची हॉटेलं आहेत. बंगळूरच्या वंडरलाला लागून त्यांचंच रिसॉर्ट आहे. शहरात स्वस्त राहून रोज टॅक्सी करायची, की आत एक रात्र राहायचं, ते वहीत दोन रकाने पाडून बघा. उत्तर आपोआप समोर येतं.

आमची दुसरी खेप

गेल्या वर्षी जानेवारीत, मुलांचं स्नेहसंमेलन झाल्यावरचे दोन दिवस धरून आम्ही पुन्हा गेलो. खोपोलीजवळ साधंच हॉटेल, पण खोली तळमजल्यावर. न्हाणीघरात बादली आहे ना, ते मी फोनवरच दोनदा विचारून घेतलं होतं. आणि या वेळी सासूबाईंचं तिकीटही काढलं. ज्येष्ठांना सवलत होती, ती मागच्या वेळी मी विचारलीसुद्धा नव्हती. त्या सावलीत बाकावर बसल्या, आमच्या पिशव्या सांभाळल्या, दुपारी आमच्याबरोबर जेवल्या, आणि संध्याकाळची मिरवणूक त्यांनी धाकट्याला मांडीवर घेऊन बघितली.

दुसरी रात्र हॉटेलात न काढता आम्ही त्याच रस्त्यानं पुढं पालीला गेलो. अष्टविनायकांतला बल्लाळेश्वर तिथला. देवस्थानच्या भक्तनिवासात खोली मिळाली. साधी, स्वच्छ आणि हॉटेलच्या मानानं फारच स्वस्त. पहाटे दर्शन झालं. त्या रात्रीचे वाचलेले पैसे मी वहीत मांडलेच, सवय जाते का?

परतीच्या गाडीत सासूबाई बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होत्या. मग हळूच मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी त्या गोल फिरणाऱ्या घोड्यावर बसेन म्हणते. आहे का गं त्याला वयाची अट?"

नाही हो आई, अजिबात नाही.

मैत्रिणींनो, तुमचे हिशेब, तुमचे फसलेले आणि साधलेले मुक्काम जरूर लिहून कळवा. पुढच्या आठवड्यात बोलू वर्षाच्या धान्यसाठ्याविषयी. गहू आत्ता घ्यावेत की अक्षय्य तृतीयेनंतर, ते बघू.